तुमच्या मॅनिफोल्डवरचे पोपडे: आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या गाडीच्या एक्झॉस्टच्या भागांवर आम्ही उष्णता रोखणारा सिरॅमिक कोट केला होता. त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला, फोटो मोठे करून पाहिले आणि तुम्ही परत आणून दिलेला मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा गरम वायू एकत्र करणारा पाइपांचा भाग) मी स्वतः टेबलावर घेतला. त्यामुळे उत्तराला चार दिवस लागले.

तुमच्या तक्रारी अशा: चार महिन्यांत मॅनिफोल्डची चंदेरी चकाकी गेली आणि चारही पाइप एकत्र येतात तिथे पोपडे निघाले. बॉनेटखालची उष्णता म्हणावी तशी उतरली नाही. आतून कोट करायला आम्ही नकार दिला. सिरॅमिकच्या नावाखाली नुसता रंग मारला. आणि विचारायला आलात तेव्हा ‘गाडी जास्त तापवली असेल’ एवढंच ऐकायला मिळालं.

पोपड्यांची चूक आमची आहे. त्यातला एक चिमट्याने उचलून उलटा केला. वरून राखाडी, पाठीला काळाकुट्ट, बोट लावलं तर काजळी आली. खालचं बीडही, म्हणजे मॅनिफोल्डचं ओतीव लोखंड, तसंच काळं. कोट नुसत्या उष्णतेने गेला असता तर हळूहळू भुकटी होऊन झिजला असता, असा अखंड पापुद्रा पाठीला काजळी घेऊन सुटला नसता. बीड दिसायला घट्ट असलं तरी त्यात ग्रॅफाइट आणि बारीक छिद्रं असतात, आणि इंजिनातून झिरपणारं तेल वर्षानुवर्षं त्यात मुरत जातं. ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक खड्यांच्या जोरदार माऱ्याने, वरचा गंज आणि मळ निघतो, मुरलेलं तेल निघत नाही. ते आधी भट्टीत जाळावं लागतं, आणि धूर येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा जाळावं लागतं. तुमच्या मॅनिफोल्डसमोर आमच्या कामाच्या वहीत एकच भट्टी लिहिलेली आहे. म्हणजे आत तेल राहिलं. गाडी खरोखर तापली तेव्हा ते कोटाखाली जळलं, त्याचा वायू झाला आणि त्या वायूने कोट उचलला. टर्बोची (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राची) गाडी तापणारच, कोट करायचा तो त्यासाठीच. दोष तुमच्यावर ढकलला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

चकाकी गेली तिथेही आम्ही कमी पडलो, पण कामात नाही, सांगण्यात. त्या चंदेरी कोटात अॅल्युमिनियमची पूड असते. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि हा कोट साधारण ७०० अंशांच्या पुढे वापरायचा नसतो. पेट्रोल टर्बो इंजिनात पूर्ण जोर असताना मॅनिफोल्डमधला वायू ९०० अंशांच्या वर जातो. तुम्ही रंग पसंत केलात तेव्हाच ‘हा इथे चालणार नाही, इथे मॅटच घ्या’ असं ठामपणे सांगायला हवं होतं. तुम्हाला तो आवडला म्हणून आम्ही गप्प बसलो.

आतून कोट न करण्याच्या निर्णयावर मात्र मी ठाम आहे. तुम्ही फोटोत दाखवलेला तो नखाएवढा पोपडा मॅनिफोल्डच्या आतून सुटला असता तर? वायूबरोबर तो थेट टर्बोमधल्या टर्बाइनच्या चाकावर गेला असता, आणि ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. पात्याची कड तुटली की तोल जातो, तोल गेला की बेअरिंग जातं, आणि मग अख्खा टर्बो बदलावा लागतो. बाहेरचा पोपडा निघाला तर आम्हाला शिव्या बसतात, तेवढं मी सोसतो. टर्बाइनच्या आधीच्या भागात आतून कोट आम्ही कुणालाच करून देत नाही.

आता उष्णता. तुम्ही इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पाहिलंत: चंदेरी डाउनपाइपचा (टर्बोतून वायू पुढे नेणारा पाइप) आकडा बराच खाली आला, काळ्या मॅट टर्बाइन हाउसिंगचा (टर्बाइनभोवतीचं कवच) फारसा नाही, म्हणून हाउसिंगचा कोट फुकट गेला असं लिहिलंत. हे यंत्र तापमान थेट मोजत नाही, पृष्ठभागातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजतं. चकचकीत पृष्ठभाग किरण कमी सोडतो, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा थंड दिसतो. माझ्याच कामाचं कौतुक कमी होतंय, पण तुमच्या डाउनपाइपचा तो सुंदर आकडा खरा नाही. दोन्ही भागांवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा छोटा ठिपका द्या आणि फक्त ठिपक्यावर मोजा, मग तुलना होईल. मोजायचं तेही गाडी चालत असताना किंवा थांबल्याबरोबर. इंजिन बंद केल्यावर हवा थांबते आणि तापलेलं बीड साठवलेली उष्णता सावकाश सोडत राहतं, कोट असो वा नसो. हाउसिंगचा कोट मी भिंग लावून पाहिला, तो जागेवर आहे.

‘नुसता रंग’ हा शब्द लागला, पण त्यात तथ्य आहे. तुमचा कोट रंगासारखाच गनने मारून भट्टीत पक्का केलेला आहे, जाडी जेमतेम २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झिर्कोनिया या सिरॅमिकची पूड प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, झोतात वितळवून चढवतात तो थर वेगळा, कितीतरी जाड, आणि जेट इंजिनाच्या गरम भागांवरही तोच प्रकार वापरतात. दोघांना ‘सिरॅमिक’ म्हणतात आणि आमच्या बिलावरही तेवढंच लिहिलं होतं. यापुढे बिलावर कोटाचा प्रकार, जाडी आणि तापमानाची मर्यादा लिहिली जाईल.

मॅनिफोल्डचे पूर्ण पैसे परत करतो आणि काम पुन्हा करूनही देतो, दोन्ही. कोट ब्लास्ट करून काढू, धूर थांबेपर्यंत भट्ट्या देऊ, मग रंगद्रव्य झिरपवून तडा तपासू. तडा निघाला तर कोट करणार नाही, तुम्हाला बोलावून दाखवू. बाहेरून कोट केला की आतली उष्णता आतच राहते, बीड आणखी तापतं, आणि तड्याला ते मानवत नाही. नवा कोट मॅट असेल. बसवल्यावर पहिल्यांदा दहा मिनिटं आयडलवर ठेवून पूर्ण गार होऊ द्या, असं दोनदा करा, मगच जोरात चालवा. आणि बसवण्याआधी तेल कुठून झिरपतंय ते मेकॅनिककडून शोधून घ्या. व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटपासून बघायला सांगा, कारण मॅनिफोल्डवरचे डाग वरून खाली ओघळलेले आहेत.