सरांकडून शिकलेला विंचूदंश

विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांवरचा लेख आवडला. वाचताना आठवण झाली ती आमच्या मेडिसिनच्या सरांची. सर आता नाहीत. कोकणातल्या सरकारी रुग्णालयात मी नवखा असताना लाल विंचू चावलेलं पोर आलं की सर आधी त्याचे हातपाय चाचपायचे. गार पडलेत का, घाम किती सुटलाय. मग नाडी, बीपी, छाती. "रडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्या, घामाने भिजलेल्या पोराकडे आधी जा," म्हणायचे. विंचूदंशावरच्या प्राझोसिन या गोळीबद्दलचा बावस्करांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९८६ चा लेख त्यांनी झेरॉक्स काढून आम्हा सगळ्यांना वाटला होता.

बावस्करांवरच्या लेखात या गोळीचं कौतुक आहे, ते योग्यच. पण गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवायचं, आईने कडेवर घेतलं तर बीपी कोसळू शकतं, हेही यायला हवं होतं. त्यासाठी सर मध्यरात्रीही वॉर्डात हजर व्हायचे (सिस्टर वैतागायच्या!).

मला खरं तर मुंबईला जाऊन रेडिऑलॉजी करायचं होतं. तालुक्यात राहिलो ते सरांमुळे, आणि बरं झालं. त्यांनी स्वतः काही छापलं नाही, त्यांच्यावरही कुणी लिहिलं नाही, म्हणून हे इथे.