काखेला मोक्ष कसा द्यावा?

मे महिन्यात परभणीला लग्न आहे? मग ‘ॲल्युमिनियममुक्त, शंभर टक्के नैसर्गिक’ डिओची ४५० रुपयांची कांडी बरोबर घ्याच. पुण्याच्या भाच्यानं मला मोठ्या प्रेमानं दिली, म्हणून अनुभवानं सांगतो.

कांडी फ्रीजमध्ये ठेवा. तिच्यात खोबरेल असतं, ते साधारण २४ अंशांना वितळतं आणि आपला पारा ४३ वर. माझ्या बॅगेत ती काखेआधी आहेराच्या साडीला लागली. (साडीला वास छान आला.) दुपारी लाइट गेली तर फ्रीजचं काय, ते तुमचं तुम्ही बघा.

दिवसातून दोनदा आंघोळ करा. नळ आठ दिवसांनी येतो म्हणून काय झालं!

धीर धरा. तक्रार केली तर कस्टमर केअरच्या ताई म्हणाल्या, “सर, बॉडी डिटॉक्स होतेय, चार आठवडे वास येणारच.” चार आठवडे? तोवर नवरानवरी देवदर्शन करून परत येतील! आणि डिटॉक्स कशाचं हो? त्या कामाला लिव्हर आहे, किडन्या आहेत, काखेला ते खातं कुणी दिलं? घामाला मुळात वास नसतोच जवळपास. काखेतले जिवाणू त्यावर ताव मारतात, तेव्हा तो सुटतो. घामाच्या वाटेला बूच लावणारे ॲल्युमिनियमचे क्षार तुम्ही काढून टाकले, मग घाम थांबणार कशानं? लव्हेंडरनं? वर खायचा सोडा घातला. कातडी आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी, काखा लालभडक. अक्षता टाकायला हात वर होईना माझा!

कॅन्सरची भीती मात्र जपा. डिओतल्या ॲल्युमिनियमचा स्तनाच्या कर्करोगाशी ठोस संबंध सापडलेला नाही, हे कुणाला कळलं तर धंदा बसेल.

कांडी नको असेल तर ‘नॅचरल क्रिस्टल’ घ्या. न्हाव्याकडची तुरटीच ती, फक्त डबी चकचकीत. तुरटी म्हणजे बहुधा पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. डबीवर ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही’ (म्हणजे घाम अडवणारा ॲल्युमिनियमचा दुसरा क्षार) एवढंच छापतात, बाकीचं गिऱ्हाईक स्वतःच समजून घेतं.

पुरे झालं. कंपनीवाल्यांनो, एसीत बसून लोकांना घाबरवायचं बंद करा. घाम येणारच, सोडा काहींना झोंबतो, उन्हात कांडीचं तेल होतं, हे वेष्टनावर ठळक छापा, लाज वाटत असली तरी. आणि रील बघून पैसे उधळणाऱ्यांनो, मागची बारीक अक्षरं वाचायला काय धाड भरते? घाम थांबवायचा तर थांबवणारं घ्या. नाहीतर काखा धुवा, पुसा, सुती सदरा घाला. पण ‘माझं डिटॉक्स चालू आहे’ म्हणत भरल्या एसटीत माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभे राहू नका.