वीज पडते, लाइन जाते

परवा आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी आली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे 'शुद्ध मराठी'. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून अशा याद्यांना बहरच आलाय. टेबल, बॅग, स्टेशन असं वाचत वाचत खाली आले आणि एका ठिकाणी अडकले. "लाइन – रांग." बस, एवढंच. एक घ्या, एक द्या.

ग्रुपवर भांडण नको म्हणून तिथे अंगठा दाखवला आणि इथे लिहायला बसले. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी तेहतीस वर्षं नागपुरात मराठी शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. सातवीतल्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, "काल रात्री लाइन गेल्यामुळे माझा गृहपाठ झाला नाही." मी 'लाइन'वर लाल रेघ मारली आणि वर 'वीज' असं लिहून दिलं. पोट्टं वही घेऊन टेबलाजवळ आलं. उद्धटपणा नव्हता, खरंच अडलं होतं बिचारं. म्हणालं, "मॅडम, वीज तर पडते न. जाते ते लाइन असते."

वर्ग खो खो हसला. मी त्याला जागेवर पाठवलं. संध्याकाळी जेवताना ही गंमत बाबांना सांगितली, हसतील म्हणून. ते हसले नाहीत. माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते. ताटातला भात कालवता कालवता म्हणाले, "मग मी कोण होतो? वीजमन?"

त्या दिवसापासून 'लाइन' या शब्दावर लाल पेन चालवलं नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. तुमच्याकडे लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते. लाइट आमच्याकडेही आहे, पण ती भिंतीवर असते. बटण दाबलं की लागते. तारेतून येतं ते सगळं लाइन. आता मे महिन्याच्या दुपारी अडीच वाजता, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, कूलर घरघर करत बंद पडला, तर उजेडाचं कोणाला पडलंय? उजेड नको तेवढा असतो. अशा वेळी "लाइट गेली" म्हणणं मला तरी विनोदी वाटतं. गेली ती लाइन. (बिल मात्र आम्हीही लाइटचंच म्हणतो. प्रत्येक गोष्टीत तर्क शोधू नये.)

आणि यात किती बारकावा आहे बघा. "लाइन आहे, पण डिम आहे." "बाजूच्यांकडे आहे, आपल्याकडे नाही", म्हणजे एक फेज गेला. "पूर्ण लाइनच गेली", म्हणजे वस्तीच अंधारात. पहिला पाऊस झाला की भिंतीपलीकडून हाक येते, "तुमच्याकडे लाइन आहे का जी?" हा प्रश्न 'वीज' घालून विचारून बघा. "तुमच्याकडे वीज आहे का जी?" असं कोणी विचारलं तर मी आधी आभाळाकडे बघीन.

बाबांच्या तोंडी तर हा शब्द दिवसातून शंभरदा असायचा. अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाइन, एलटी म्हणजे कमी दाबाची लाइन, लाइनवर झाड पडलं, लाइनवर माकड आलं, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, जंपर (जोडतार) तुटला. रात्री-बेरात्री कोणी दार वाजवायचं, "भाऊ, डीपीतून आवाज येऊन राहिला." बाबा खांबावर चढताना लागणारा झुला, हातमोजे आणि बॅटरी घेऊन निघायचे. आई दारातून एकच विचारायची, "लाइन बंद केली न?" बाबांचं यावर एक वाक्य ठरलेलं होतं: तोंडानं बंद सांगितलेली लाइन चालूच समजायची. स्वतः लाइनवर काम करायचं परमिट घ्यायचं, स्वतः रॉड लावून तार जमिनीला जोडायची, मगच तारेला हात. हे ज्या घरात रोज ऐकलं, तिथली मुलगी शाळेत जाऊन 'लाइन' हा अशुद्ध शब्द आहे असं शिकवत होती.

आता शब्दाच्या मुळाकडे वळते. हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर कळलं. इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ लॅटिन 'लिनेआ', म्हणजे लिननचा धागा. आणि तो धागा ज्या झाडापासून निघतो ते 'लिनुम'. हे झाड म्हणजे आपलं जवस. होय, तेच ज्याची चटणी तुम्ही भाकरीवर तेल घालून खाता. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव अजूनही लिनुम उसिटाटिसिमुम आहे, अर्थ साधारण 'अतिशय उपयोगाचं जवस'. तिकडे युरोपात त्याच्या खोडाचा धागा काढला, कापड विणलं, दोर वळले, आणि ताणलेल्या धाग्यावरून सरळ रेघेलाच ते नाव पडलं. आम्ही विदर्भातल्यांनी बिया घेतल्या, तेल काढलं, चटणी कुटली. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात आजही जवसावर संशोधन चालतं. तेव्हा या शब्दाला परका म्हणताना जरा जपून. त्याची आजी आमच्या वावरात उभी आहे.

आणि धाग्यावरून रेघ ही युक्ती काही त्यांच्या एकट्याची नाही. आपलं 'सूत्र' म्हणजे आधी धागाच, मग नियम. गवंडी दोन विटांना सूत बांधतो आणि म्हणतो, भिंत सुतात आहे. सुतार हा शब्दही त्याच सुताचा, सूत्रधारापासून आलेला. दोघांचं जमलं की आपण म्हणतो सूत जुळलं. आमच्या कॉलेजात मात्र बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, पोट्टे लाइन मारायचे, आणि फार क्वचित कोणी लाइन द्यायचीही. म्हणजे त्यांचा धागा जवसाचा, आपला कापसाचा, काम तेच. आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे माझं मत अर्थातच सूत जुळण्याच्या बाजूनं. पण वीस वर्षांच्या पोरानं मित्राला "माझं तिच्याशी सूत जुळावं अशी इच्छा आहे" असं म्हटलं, तर मित्र त्याला डॉक्टरकडे नेतील.

नागपूरच्या नकाशातच ही दोन्ही सुतं दिसतात. रेल्वेच्या पूर्वेला जुनं भोसल्यांचं शहर: महाल, इतवारी. तिथे बाजारांची नावं काय? लोहा ओळी, किराणा ओळी, सराफा ओळी. एका मालाच्या दुकानांची एक ओळ, तेच तिचं नाव. (पाट्यांवर बरेचदा 'ओली' लिहिलेलं असतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, बाजार कायमचा ओला आहे.) रुळांच्या पश्चिमेला या, सीताबर्डीची टेकडी ओलांडा, की सिव्हिल लाइन्स. १८१७ मध्ये याच टेकडीवर इंग्रजांची भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली, १८५४ मध्ये त्यांनी राज्यच खालसा केलं, आणि मग साहेबांचे बंगले उभे राहिले. छावणीच्या भाषेत शिपायांच्या राहण्याच्या रांगांना 'लाइन्स' म्हणत. त्यावरून मुलकी साहेबांच्या वस्तीला सिव्हिल लाइन्स. अलाहाबादलाही आहे, दिल्लीलाही आहे. आमच्याकडे पोलीस लाइन टाकळीही त्याच कुळातली.

म्हणजे रुळांच्या त्या बाजूला ओळ, या बाजूला लाइन. अर्थ दोन्हीचा एकच, नुसत्या रांगा. एका बाजूला लोखंड आणि किराणा, दुसऱ्या बाजूला विधानभवन आणि हायकोर्ट. दीडशेहून जास्त वर्षं एकाच गावात दोन्ही शब्द नांदतायत, आणि कोणी लोहा ओळीला 'लोहा लाइन' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

मधून जाते ती रेल्वे लाइन. १८६७ मध्ये मुंबईकडून गाडी नागपूरला पोचली. पुढे हावड्याची, दिल्लीची, मद्रासची अशा सगळ्या लाइनी इथेच येऊन मिळाल्या. रेल्वेवाल्यांचं 'लाइन क्लिअर' आम्ही घरात केव्हा आणलं ठाऊक नाही. बाबा दुपारी झोपले की भाऊ खिडकीतून मित्रांना हळूच सांगायचा, "लाइन क्लिअर." आता त्यात मेट्रोची भर पडली. संत्रानगरी म्हणून एक ऑरेंज लाइन, दुसरी अ‍ॅक्वा. खापरीहून बसून लोकमान्य नगरला जायचं तर बर्डीला लाइन बदलायची. माझी ऐंशीची मावशी परवा म्हणाली, "आमच्या वेळी माणूस लाइन बदलला म्हणजे बिघडला समजायचे."

बाकीचे उपयोग तुम्हाला ठाऊकच आहेत. मुलगा कोणत्या लाइनीत आहे, तिनं सायन्स लाइन घेतली, या धंद्यात आपली लाइन नाही, ट्यूशन लावल्यावर पोरगं लाइनवर आलं. यावर वेळ घालवत नाही.

मराठीची शिक्षिका म्हणून माझा मुद्दा व्याकरणाचा आहे. परका शब्द आपला झाला हे कशावरून ओळखायचं? तो आपलं लिंग घेतो, आपलं अनेकवचन घेतो, विभक्तीपुढे वाकतो. भिंत, भिंती, भिंतीत. लाइन, लाइनी, लाइनीत. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. आपल्याकडे आल्यावर ती 'तो लाइन' झाली नाही, 'ते लाइन' झाली नाही. (आमच्या नागपुरी बोलीतलं "ते लाइन" सोडा, आम्ही सासूलाही 'ते' म्हणतो.) का? मला वाटतं, रेघ, रेषा, ओळ, रांग, पंगत या सगळ्या बायाच. नवीन आलेली गुपचूप त्यांच्यातच जाऊन बसली. मंगल कार्यालयात बायका बसतात तशी. ज्या शब्दाला आपल्या भाषेनं असं सरकून जागा करून दिली, त्याला कुठल्या यादीनं उठवायचं?

'डेडलाइन'चं बघा. तीही याच घरची, पण डेडलाइनी, डेडलाइनीत असं कोणी म्हणत नाही. अजून पाहुणी आहे, चपला घालूनच बसलीये. तिचा जन्मही भयंकर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी शब्द उचलला. तिच्यासाठी 'मुदत' हा छान, चार पिढ्यांचा शब्द आपल्याकडे आहे. तिथे मी यादीवाल्यांच्या बाजूनं.

कारण मी काही 'सगळं चालतं' म्हणणारी बाई नाही. माझी नात वहीवर पट्टी ठेवून म्हणते, "आजी, लाइन ड्रॉ करून दे." तिथे माझा जीव कासावीस होतो. पट्टीनं मारतात ती रेघ. भूमितीत असते ती रेषा. कवितेची असते ती ओळ. राशनच्या दुकानासमोर असते ती रांग. आमच्याकडे तिथे "लाइनीत लागा" म्हणतात, ते हिंदीतून आलंय हे उघड आहे. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशाची राजधानी होतो, थोडी हिंदी तर लागणारच अंगाला. आणि जेवायला बसते ती पंगत. इंग्रज बिचारा यातल्या बहुतेक ठिकाणी एकच शब्द ओढतो. आपल्याकडे पाच आहेत तर पाचही वापरा की. जिथे लाइननं रेघेला आणि ओळीला हाकललं, तिथे माझं लाल पेन आजही चालेल. पण जिथे तिनं कोणाचीच जागा घेतली नाही, तारेतून आलेल्या त्या नव्या गोष्टीला नाव दिलं आणि त्या नावावर माझ्या बाबांसारख्या हजारो माणसांनी खांबावर चढून पोट भरलं, तिथे 'रांग' लिहून मोकळं व्हायचं? "रांग गेली" म्हणायचं का आम्ही?

तो सातवीतला मुलगा आता चाळिशीचा असेल. कुठे आहे ठाऊक नाही. त्याच्या वहीतली ती लाल रेघ मागे घेता आली असती तर घेतली असती.

चंद्रपूर, गडचिरोली, अकोला, यवतमाळकडच्यांनो, तुमच्याकडे काय जातं, लाइन की लाइट? मराठवाड्यातल्यांनीही सांगा. पण जरा लवकर. आत्ताच मोबाइलवर मेसेज आलाय: देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे उद्या सकाळी १० ते दुपारी २ वीजपुरवठा बंद राहील. शेजारच्या वहिनींना भिंतीवरून वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे लाइन जाईन का जी?"

"हो," म्हटलं, "टाकी सकाळीच भरून घ्या."