खडशी धोक्याबाहेर आली, पण कोणत्या नदीत?

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी यंदा मृगाच्या तोंडावर जो वाद झाला, तो चुलतभावाने मला फोनवर सविस्तर सांगितला. पावसाळ्यात कोयनेच्या दोन डोहांत जाळे टाकू नये, असा ठराव ग्रामसभेपुढे आला होता. त्यावर एका तरुणाने मोबाइलवर जुनी बातमी वाचून दाखवली की, खडशी, म्हणजे आपला दख्खनचा महाशीर मासा, आता धोक्यात राहिलेला नाही. मग बंदी कशासाठी? ठराव तिथेच बारगळला. फार तर लोणावळ्याहून पिल्ले आणून नदीत सोडू या, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत झाले.

बातमी खोटी नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत २०११ साली 'संकटग्रस्त' ठरलेली ही जात पुढे 'कमी चिंतेच्या' वर्गात गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते वर्तमानपत्रांतही आले. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३९ साली मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि ज्याच्या नावात 'खुद्री' हा आपल्याकडचाच शब्द ठेवला, तो मासा लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून वाढवला गेला. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु यादीतला वर्ग हा जिथे जिथे ती जात आढळते त्या सगळ्या प्रदेशाचा मिळून असतो. कोयनेच्या अमुक डोहात मासा उरला आहे की नाही, हे तो सांगत नाही, आणि सांगणे हे त्याचे कामही नाही.

हा फरक मला इथे राहून नीट कळला. मी इंग्लंडमध्ये हेरफर्डला, वाय नदीच्या काठी राहतो. साल्मन हा या नदीचा मानाचा मासा. डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक साल्मन जगाच्या हिशेबात 'कमी चिंतेच्या' वर्गातून एक पायरी खाली, संकटाच्या जवळ आला; ब्रिटनमधल्या साल्मनची नोंद मात्र त्याच वेळी थेट 'संकटग्रस्त' अशी झाली. मासा एकच आणि यादीही एकच, तरी उत्तरे दोन आली, कारण प्रश्न दोन वेगळ्या पाण्यांबद्दल विचारले होते. आमच्या ग्रामसभेत नेमका हा दुसरा, आपल्याच पाण्याबद्दलचा प्रश्न कोणी विचारला नाही.

इथले सगळे उत्तम आणि तिकडचे सगळे वाईट, असे मी म्हणत नाही. गळाला लागलेला साल्मन इथे परत सोडावा लागतो, त्याची नोंद द्यावी लागते, आणि निवृत्त माणसे दर आठवड्याला बाटलीत पाणी घेऊन त्यातले फॉस्फेट मोजतात. तरीही मे २०२३ मध्ये सरकारच्याच निसर्ग संस्थेने वायची प्रकृती ढासळत असल्याचे जाहीर केले. खोऱ्यातल्या प्रचंड कुक्कुटपालनाचे फॉस्फेटयुक्त खत शेतांतून नदीत उतरते आणि ते रोखण्याचे धैर्य अजून कोणी पुरते दाखवलेले नाही. उलट आपल्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीत कायद्याचा शिपाई नसतानाही महाशीर पिढ्यानुपिढ्या सुखरूप राहिले, कारण ते देवीचे मासे आहेत आणि त्यांना कोणी हात लावत नाही. अशी राखण मी इथे कुठे पाहिलेली नाही.

पिल्ले सोडण्याच्या सूचनेची मात्र मला खरी काळजी वाटते. खडशीला वाहते, गार, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो, आणि पावसात ती प्रवाहाच्या उलट वर चढते. कोयनेत तिची वाट धरणाने अडवली आहे, धरणाच्या शिवसागर जलाशयातले वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात जाते, आणि धरणाखालच्या नदीला सोडले जाईल तेवढ्यावर भागवावे लागते. त्यात जिलेटीनचे स्फोट आणि पाण्यात करंट सोडून केलेली मासेमारी. खाली सांगलीत तर कृष्णेवर मेलेल्या माशांचा खच अनेकदा तरंगलेला आहे. अशा पाण्यात सोडलेली पिल्ले फोटोपुरतीच उरतील. शिवाय कावेरीचा धडा ताजा आहे. हीच खडशी पिल्लांच्या रूपाने तिथे नेऊन सोडली गेली, आणि तिथला स्वतःचा कुबड्या महाशीर मागे हटत गेला; २०१८ साली तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

बंदीला विरोध करणाऱ्या तरुणाला मी दोष देत नाही. भोई समाजातल्या घरांची चूल त्या पाण्यावर पेटते आणि सहा हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर बसून त्यांना उपास धरायला सांगणे मला शोभणार नाही. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, सगळी नदी बंद करू नये. आषाढ-श्रावणात दोनच डोह राखावेत, करंट आणि जिलेटीन बारा महिने बंद असावे, आणि जाळ्यात आलेल्या प्रत्येक खडशीची तारीख, जागा व लांबी भोईबांधवांनीच एका वहीत लिहावी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोयनेत माशांच्या ५८ जाती नोंदल्या गेल्या होत्या. त्यानंतरची आमच्या डोहांची गोष्ट त्या वहीत येईल.

वही मी चुलतभावाला घ्यायला सांगितली आहे. शेवटची खडशी कधी मिळाली, हे त्याने दोन वयस्क भोईकाकांना विचारले, तर एकाने सहा वर्षे सांगितली आणि दुसऱ्याने अकरा. दोन्ही उत्तरे त्याने पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.