गुरुवारचा 'थू'

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या संकेतस्थळाची फीड सांभाळण्याचे काम, निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो या गैरसमजातून, माझ्याकडे आले. सूचना लिहून तिच्यावर तारीख-वेळ घातली की ती सभासदांच्या मोबाइलवर आपोआप पोहोचते, एवढेच मला सांगण्यात आले होते.

वक्त्यांची गाडी खानापूरजवळ अडकल्यामुळे सातचे व्याख्यान आठला होईल, अशी माझी पहिली सूचना होती. तिच्यावर मी 'गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, सायं. ६.३०' असे शुद्ध मराठीत लिहिले आणि ॲपने तारखेची दखलच घेतली नाही. आरएसएसला (संघ नव्हे, आमची फीड ज्या पद्धतीने लिहितात ती) तारीख लागते ती १९८२ साली ई-पत्रांसाठी ठरलेल्या नमुन्यात: अंक इंग्रजी, महिना आणि वार इंग्रजी तीन अक्षरांत. म्हणजे सोमवारचा 'मन', शनिवारचा 'सॅट' आणि दत्ताच्या वाराला चक्क 'थू'! (वार लिहिलाच पाहिजे असे नाही, हे मला थू लिहून झाल्यावर कळले.)

वेळेपुढे मी 'आयएसटी', म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, असे लिहिले. त्या नमुन्यात अमेरिकेतल्या विभागांची लघुनावे आहेत, आपले नाही. १ नोव्हेंबरला एका चौकात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या चौकात मराठी माणसांचा काळा दिवस पाहत आलेल्या माणसाला एका तारखेचे दोन अर्थ नवीन नाहीत. परंतु आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेला आयएसटीच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. ॲपने वाद न घालता माझी वेळ ग्रिनिचची धरली, तिच्यात साडेपाच तास मिळवले आणि सायंकाळच्या साडेसहाचे बरोबर रात्रीचे बारा केले. काही ॲप भविष्यातली सूचना तिची वेळ येईपर्यंत दाबून ठेवतात. त्यामुळे व्याख्यान, आभारप्रदर्शन आणि चहा उरकून सभासद गाढ झोपलेले असताना, व्याख्यान आठला असल्याची सूचना त्यांच्या उशाशी वाजली.

"मामा, घड्याळ कुठल्या गावचं ते सांगितलंच नाही की हो तुम्ही!" भाचा म्हणाला आणि त्याने वेळेपुढे '+०५३०' असे इंग्रजी अंकांत लिहून दिले.

तेवढ्यावर भागले असते, पण कार्यकारिणीला ॲटम या दुसऱ्या पद्धतीची फीडही हवी होती. २००५ सालच्या या ॲटमचा नमुना वेगळा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये 'टी' हे अक्षर, आणि पुढे '+०५:३०', म्हणजे आरएसएसमध्ये न चालणारे दोन टिंब इथे मात्र सक्तीचे. मी सर्व काही डोळ्यांत तेल घालून लिहिले, तरी फीड नापास. भाच्याने शेवटी पडदा मोठा करून पाहिला. मराठी कळफलकावरून मी दोन टिंबांच्या जागी विसर्ग दिला होता.