‘इल पोस्तीनो’बद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, तर उत्तर दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ‘इल पोस्तीनो’ या इटालियन चित्रपटाचा नायक मास्सिमो त्रोइझीने हृदयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलून चित्रपट पुरा केला आणि शूटिंग संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जून १९९४ला, वयाच्या ४१व्या वर्षी तो गेला, यात कौतुक कसलं? ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली तरी बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट आपण पुणेकर सत्कारसमारंभांत टाळ्यांसाठी वापरतो, त्यातलाच हा प्रकार, असं तुमचं म्हणणं.

ती गोष्ट टाळ्यांसाठी वापरू नये, हे मलाही मान्य. (टिळक स्मारकात ती सुरू झाली की मी घड्याळाकडे बघतो.) तुलना मात्र बसत नाही. नाटकात पडदा वर गेला की प्रयोग शेवटपर्यंत निभवावाच लागतो. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी होतो, म्हणूनच त्रोइझीला तो जमला. दिवसाला जेमतेम तासभर तो काम करू शकायचा. तेवढ्यात एकदोन टेकमध्ये चेहऱ्याचे शॉट घ्यायचे. पाठमोरे, लांबचे, सायकलवरचे शॉट डुप्लिकेटवर. ‘पाकीजा’त आजारी मीनाकुमारीच्या जागी नाचाला पद्मा खन्ना उभी राहिली होती, तसंच.

आता पडद्यावरचं बघा. मारिओ (त्रोइझीने केलेला पोस्टमन) कवी नेरुदासमोर येतो तेव्हा हात फारसे हलत नाहीत, वाक्य अर्ध्यात सुटतं, नजर वर यायला वेळ लागतो. अशक्तपणा असेलच. पण असं अडखळत, शब्द गिळत बोलणं ही त्याची ओळख नेपल्सच्या विनोदी कार्यक्रमांपासूनची, या चित्रपटाच्या किती तरी आधीची. तेव्हा ‘गेला म्हणून गोड वाटतो’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

‘त्याला थांबवायला हवं होतं,’ असंही तुम्ही म्हणता. कुणी? पटकथेत त्याचं नाव आहे, चित्रपट त्याच्याच पुढाकाराने उभा राहिला. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेलं हृदय घेऊनच तो आजवर कामं करत आला होता. दिग्दर्शक मायकेल रॅडफर्डने त्याला घरी जा म्हटलं असतं, तर तो गेला असता असं मला वाटत नाही.

आजारी नटाच्या जिवावर पैशाचे हिशेब होतात, हा मुद्दा मात्र तुम्ही अचूक पकडलात. १९६७ साली हॉलिवूडचा नट स्पेन्सर ट्रेसीच्या शेवटच्या चित्रपटाच्या वेळी त्याचा विमा उतरवायला कुणी तयार नव्हतं. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर आणि नायिका कॅथरिन हेपबर्न यांनी आपलं मानधन तारण ठेवलं, तेव्हा काम सुरू झालं. आणि ते संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत ट्रेसी गेला. माणूस मरणाच्या दारात असताना असले हिशेब होतात, याचा तुम्हाला राग येतो. मला त्यातल्या त्यात हा हिशेब बरा वाटतो, ज्यांनी काम करवून घेतलं त्यांनी स्वतःचं काहीतरी पणाला लावलं होतं.

राहिलं ऑस्कर. त्रोइझीच्या मरणोत्तर नामांकनात सहानुभूतीचा वाटा असेल, ते खोडायला माझ्याकडे काही नाही. पण अभिनयाचं ऑस्कर त्याला मिळालं नाही. या चित्रपटाला मिळालं ते लुईस बाकालोव्हच्या संगीतासाठी, आणि तो तर चांगला धडधाकट होता.