'क्रोकोडिल' हे निव्वळ प्रचारपत्रक नव्हते

सोव्हिएत संघात व्यंग्याला बंदीच होती, 'क्रोकोडिल' हे मासिक केवळ अमेरिकेची खिल्ली उडवण्यासाठी काढलेले प्रचारपत्रक होते आणि 1991 मध्ये संघ कोसळताच ते बंद पडले, असा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

तपशिलाच्या चुका आधी सांगतो. 1922 मध्ये मॉस्कोत सुरू झालेले हे नियतकालिक बहुतांश काळ महिन्यातून तीनदा निघे आणि 1991 नंतरही ते काही वर्षे चालू राहिले.

'निव्वळ प्रचार' हा आरोप मात्र अर्धसत्य आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे. डॉलरची थैली घेतलेला, अमेरिकेचे प्रतीक असलेला अंकल सॅम त्यात वारंवार दिसे, हे खरेच. पण हाती दाताळे घेतलेला लाल मगर हे ज्याचे बोधचिन्ह, त्यात 'बरगडीत दाताळे' अशा अर्थाचे एक सदर होते. गळकी घरे, निकृष्ट बूट, लाचखोर दुकानदार आणि कागदांत बुडालेले अधिकारी यांच्याविरुद्ध वाचकांनी पाठवलेल्या तक्रारी त्यात छापल्या जात. 1970 च्या दशकात खप पन्नास लाखांच्या पुढे गेला होता. इतके लोक ते वाचत होते, कारण त्यात त्यांना आपल्याच रोजच्या त्रासाचे चित्र सापडत असे. झोश्चेन्को, इल्फ आणि पेत्रोव यांच्यासारखे नामवंत व्यंग्यलेखक तिथे लिहीत, हेही विसरता कामा नये.

राहिला बंदीचा मुद्दा. व्यंग्याला बंदी नव्हती, मर्यादा होती, आणि ती कुठे आहे हे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष ठरवी. कारखान्याच्या व्यवस्थापकाची टर उडवता येई, पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वाची नाही. जानेवारी 1953 मध्ये ज्यू डॉक्टरांवर खोटे आरोप ठेवले गेले, तेव्हा याच नियतकालिकाने त्या द्वेषाला चित्रे पुरवली. हा डाग कोणत्याही बचावाने पुसला जाणार नाही. मात्र तिथे काम करणारे सगळे सुरक्षित भाट होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. संपादक मिखाईल कोल्त्सोव यांना 1938 मध्ये अटक झाली आणि 1940 मध्ये गोळी घालण्यात आली. त्याच वर्षी चित्रकार कोन्स्तान्तीन रोतोव पकडले गेले आणि श्रमछावणीत गेले. कोल्त्सोव यांचे सख्खे भाऊ बोरिस येफिमोव मात्र त्यानंतरही अनेक दशके 'क्रोकोडिल'साठी व्यंगचित्रे काढत राहिले.